अर्ध्या ओळखीच्या माणसाचं पान

(एका जिल्ह्याच्या गावातील वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाला मला एक फोन आला. पलीकडे एक तरुण मुलगा होता आणि त्याचा आवाज कापत होता. "ताई, विकिपीडियावरून माझं पान काढून टाकलंय. तुम्ही तिथं लिहिता असं कळलं. माझं काय चुकलं?"

हा मुलगा आपल्याच जिल्ह्यातला. एका मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाचं काम त्यानं दोन वर्षं केलं. त्याआधी कॉलेजच्या एकांकिका, नंतर दोन चित्रपटांत लहान भूमिका. मंडईत गेला तर बायका थांबवतात, शेजारी उभं राहून फोटो काढतात. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं की आता आपल्या पोराचं नाव ज्ञानकोशात आहे. आणि एक दिवस ते पान नाहीसं झालं. त्याच्या आईनं विचारलं, "तू काही वाईट केलंस का रे?"

या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही. कारण असं पान काढायच्या चर्चेत मी स्वतः कितीदा तरी मत दिलेलं आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. गेली बारा वर्षं मी तिथं लिहिते आहे. तिथं संपादक मंडळ नसतं, पगारी माणसं नसतात. कुणाचं पान राहावं आणि कुणाचं जावं हे तुमच्या-माझ्यासारखे लोक चर्चा पानावर बोलून ठरवतात. त्या निकषाला आम्ही शब्द वापरतो 'उल्लेखनीयता'.

माझ्या मते अर्धं दुःख या शब्दातच आहे. मराठीत 'उल्लेखनीय' ही शाबासकी आहे. उल्लेखनीय कामगिरी, उल्लेखनीय यश असं आपण सत्कार समारंभात म्हणतो. मग एखाद्याला 'तुमची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही' असं सांगितलं की त्याला ऐकू येतं, 'तुझी लायकी नाही.' प्रत्यक्षात विचारायचा असतो तो प्रश्न फार साधा आहे. या माणसाशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी, विश्वास ठेवावा अशा ठिकाणी, त्याच्याविषयी सविस्तर लिहिलं आहे का? लिहिलं असेल तर पान होऊ शकतं. नसेल तर पानात आपण लिहिणार काय, आणि लिहिलेलं खरं आहे हे वाचणाऱ्याला कशावरून कळणार? मी माझ्यापुरतं याला 'पुरेसा आधार' म्हणते. त्या मुलाकडे गुण कमी नव्हते, आधार कमी होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, चल, आपण दोघं मिळून आधार शोधू. त्यानं मला चौदा बातम्या पाठवल्या. त्या एकेक वाचल्या ते सविस्तर सांगते, कारण खरं काम तिथं असतं.

चौदांपैकी आठ बातम्यांत पहिला परिच्छेद शब्दशः एकच होता. म्हणजे वाहिनीच्या प्रसिद्धी विभागानं पाठवलेलं पत्रक आठ ठिकाणी छापलं गेलं. आठ दिसतात, पण मोजायला गेलं तर शून्य, कारण ते त्याच्याच बाजूचं बोलणं आहे. तीन बातम्या मालिकेच्या होत्या, त्यात कलाकारांच्या यादीत त्याचं नाव. नुसतं नाव असणं म्हणजे माहिती असणं नव्हे. एक मुलाखत होती, छान होती, पण त्यात सगळं तोच सांगत होता. माणसानं स्वतःविषयी सांगितलेलं आपण त्याचं म्हणणं म्हणून घेऊ शकतो, त्याच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून घेता येत नाही. एक मजकूर पैसे देऊन छापलेला निघाला. अगदी बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलं होतं. आणि चौदावा लेख एका जिल्हा पुरवणीतला. त्या वार्ताहरानं गावी जाऊन त्याच्या पहिल्या नाटकाच्या दिग्दर्शकाला गाठलं होतं, शेजाऱ्यांशी बोलला होता, त्याच्या अभिनयात काय कमी आहे हेसुद्धा दोन ओळींत लिहिलं होतं. त्याला तोच लेख सर्वांत कमी आवडला होता! मी म्हटलं, बाळा, तुझ्याकडे खरा दागिना हा एवढाच आहे. असे आणखी दोन-तीन लेख झाले की तुझं पान कुणी काढणार नाही.

श्रोत्यांतून आत्ता विचारलं गेलं, 'पण त्याचे इन्स्टाग्रामवर दोन लाख लोक आहेत, त्याचं काय?' प्रश्न रास्त आहे. दोन लाख लोक त्याला पाहतात हे खरंच. पण त्या आकड्यावरून त्याच्याविषयी एक वाक्यसुद्धा लिहिता येत नाही. तो कुठं शिकला, त्याच्या कामाबद्दल जाणकार काय म्हणतात, हे आकडा सांगत नाही. निळ्या खुणेचंही तेच. ती आता दरमहा पैसे भरून मिळते.

मग कुणी म्हणेल, इंटरनेटवर कागदाचा तुटवडा थोडाच आहे? सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी अर्वाचीन चरित्रकोश १९४६ साली काढला तेव्हा प्रत्येक नावाला कागद, शाई, खिळे जुळवणाऱ्याची मेहनत लागत होती. केतकरांच्या ज्ञानकोशाला वर्गणीदार मिळवत हिंडावं लागलं. त्यांना निवड करणं भागच होतं. आपल्याला एक पान वाढलं तर काय बिघडतं?

मीही पहिली काही वर्षं असंच म्हणत होते. माझं मत बदललं ते जॉन सीगेनथॉलर यांची हकीकत वाचल्यावर. हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. तरुणपणी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते, त्यांच्या अंत्ययात्रेत यांनी खांदा दिला होता. मे २००५ मध्ये कुणा अनामिकानं इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान तयार केलं आणि लिहिलं की दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत यांचा हात असल्याचा संशय होता. सहकाऱ्याची गंमत करायची म्हणून लिहिलं होतं असं पुढे उघड झालं. ते वाक्य चार महिन्यांहून अधिक काळ तिथं राहिलं. वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांना स्वतःच्या नावापुढे हे वाचावं लागलं. ज्या मित्राच्या तिरडीला खांदा दिला, त्याच्या खुनाचा आळ!

हे वाक्य इतके दिवस का टिकलं? कारण त्या पानावर कुणाचं लक्ष नव्हतं. पंतप्रधानांच्या पानावर कुणी खोडसाळपणा केला तर तो काही मिनिटांत दुरुस्त होतो, शेकडो लोक नजर ठेवून असतात. पण अर्ध्या ओळखीच्या माणसाचं पान म्हणजे आडरानातली विहीर. त्यात कुणी काय टाकलं हे वास येईपर्यंत कळत नाही. कागद भरपूर आहे मंडळी, राखण करणारे डोळे कमी आहेत. मराठीत तर फारच कमी.

आमच्या या मुलाच्या काढलेल्या पानाचा इतिहास मी एका प्रचालकाला, म्हणजे काढलेली पानंही बघण्याचा अधिकार असलेल्या संपादकाला, बघायला सांगितला. त्यात कुणीतरी त्याचं एका सहकलाकार मुलीशी लग्न लावून दिलं होतं. तारखेसकट. पाच आठवडे ते तसंच होतं आणि त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. ती मुलगी खरी आहे, तिचेही आईवडील आहेत. हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

मग हळूच म्हणाला की ते पान त्यानं एका माणसाला बारा हजार रुपये देऊन करून घेतलं होतं. 'कायमस्वरूपी राहील' अशी हमी त्या माणसानं दिली होती. इथं मला तुम्हाला स्पष्ट सांगायचं आहे: अशी हमी जगात कुणीही देऊ शकत नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते जाहीर करावं असा नियम २०१४ पासून आहे, पण लपवणारे लपवतात. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं एकदम ३८१ खाती बंद केली आणि त्यांनी तयार केलेले २१० लेख काढले. त्या टोळीची रीत बघा. ज्यांचे लेखांचे मसुदे नाकारले गेले आहेत असे छोटे कलाकार, छोटे व्यावसायिक हेरायचे, आपण मोठे संपादक आहोत असं भासवायचं, पैसे घेऊन लेख चढवायचा, आणि पुढे तो सांभाळण्यासाठी दरमहा रक्कम मागायची. म्हणजे नकाराचं दुःख हेच त्यांचं भांडवल. आपण जेव्हा चर्चा पानावर दोन कोरड्या शब्दांत कुणाला नकार देतो, तेव्हा त्याला अशांच्या दारात ढकलतो. म्हणून नकार कसा द्यावा हासुद्धा या निर्णयाचाच भाग आहे, असं मी मानते.

आणि आमचा नकार चुकतोही. मे २०१८ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञांवरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियानं नाकारला. संदर्भ पुरेसे नाहीत, असं कारण दिलं. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या जगातल्या तिसऱ्या महिला, मारी क्यूरी आणि १९६३ च्या मारिया गोपर्ट-मेयर यांच्यानंतरच्या. १९८५ साली ज्यांच्याबरोबर त्यांनी लेसरवरचं ते मूळ संशोधन केलं त्या जेरार मूरू यांचं पान आधीपासून होतं. नाकारणारा संपादक वाईट होता असं मी म्हणणार नाही. समोर दिलेले संदर्भ त्यानं पाहिले. समोर नसलेले शोधले नाहीत. माझ्या दृष्टीनं फरक इथंच पडतो. मसुद्यात संदर्भ नाहीत, याचा अर्थ जगात संदर्भ नाहीत असा होत नाही.

आपल्याकडे हे अंतर फार मोठं आहे. अण्णा साळुंके हे नाव घ्या. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी अण्णांना पगार वाढवून आणलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि आपल्या पडद्यावरची पहिली नायिका म्हणून लोकांनी जिला पाहिलं ते अण्णा होते. १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. एवढं लिहिण्याइतका आधार आहे, कारण चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवलं. त्यांचं घरदार, बालपण यांविषयी फारसं नसलं तरी पान उभं राहतं. आता विचार करा, त्यांच्यासारखंच काम तमाशात, दशावतारात, झाडीपट्टीच्या नाटकात करणाऱ्या किती माणसांवर कुणी काही लिहिलंच नाही!

चार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या एका सोंगाड्याचं पान असंच तीन दिवसांत काढलं गेलं. त्यांच्या नातवानं मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, खाली एकही संदर्भ नव्हता. इंटरनेटवर शोधलं तर काहीच सापडेना. मी याच वाचनालयात आले. वरच्या मजल्यावर जुने दिवाळी अंक बांधून ठेवले आहेत ना, तिथं आठ रविवार बसले. १९७० च्या दशकातल्या एका अंकात त्यांच्या बतावणीवर सहा पानांचा लेख मिळाला. एका लोककला संमेलनाच्या स्मरणिकेत दुसरा. मग एका जिल्हा वृत्तपत्राच्या फायलीत मृत्युलेख. तीन स्वतंत्र माणसांनी, तीन वेगळ्या काळांत लिहिलेलं. पान परत आलं, आणि आजतागायत कुणी त्याला हात लावलेला नाही. नातवानं लिहिलेलं त्यांचं जन्मगाव मात्र चुकीचं निघालं. घरातल्या आठवणीपेक्षा तो सहा पानांचा लेख जास्त नेमका होता.

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. जिवंत, नव्या, अर्ध्या प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत पान करायला मी घाई करत नाही. त्याचा मजकूर मालिकेच्या किंवा नाटकाच्या पानात दोन ओळींत ठेवते. तिथं येणारे-जाणारे जास्त, राखण चांगली होते. जुन्या, गेलेल्या कलावंताच्या बाबतीत पान काढायला घाई करत नाही. आधी कपाटं उघडते. माझ्या काही सहकाऱ्यांना हा पक्षपात वाटतो. निकष सगळ्यांना एकच हवा, असं ते म्हणतात. निकष एकच आहे. पण आधार कुठं सापडेल ती जागा दोघांची वेगळी आहे, आणि चूक झाली तर इजा कुणाला होईल हेही वेगळं आहे.

त्या मुलाचं काय झालं, ते सांगून थांबते. त्याच्या आईशी मी फोनवर बोलले. म्हटलं, "वहिनी, पोरानं काही वाईट केलेलं नाही. त्याचं नाव मालिकेच्या पानावर आहे, संदर्भासह आहे." तोही आता पुन्हा कुणाला पैसे देणार नाही, असं म्हणाला. मग बोलता बोलता कळलं की ज्या दिग्दर्शकानं त्याला पहिल्यांदा नाटकात उभं केलं, त्या मास्तरांनी गावात ३० वर्षं नाटकं बसवली, आणि त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. मागच्या शनिवारी त्यानं ती पेटी स्वतः एसटीनं इथं आणून दिली. हस्तपत्रकं, स्पर्धेचे निकाल, कात्रणं, थोडी कसर लागली आहे. रविवारी सकाळी दहाला आम्ही ती वर उघडून बसणार आहोत. तारखा लावायच्या आहेत, कात्रणांवर वृत्तपत्राचं नाव नाही ते ओळखायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी ती नाटकं पाहिली असतील त्यांनी जरूर या, आणि चष्मा विसरू नका.