क्ष-किरणांनी ताऱ्याचे वजन

श्रोतेहो, नमस्कार.

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपल्यावर मागे उरणाऱ्या गाभ्याला श्वेतबटू म्हणतात. त्याचा आकार जवळजवळ पृथ्वीएवढा, पण वस्तुमान मात्र सूर्याच्या वस्तुमानाशी तुलना करता येईल इतके मोठे असते. असा तारा एकटा असला, तर तो अब्जावधी वर्षे शांतपणे निवत राहतो. मात्र त्याच्याभोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र असेल आणि अगदी जवळून फिरणाऱ्या एखाद्या लहान सोबत्याचा वायू त्याच्याकडे ओढला जात असेल, तर तोच थंडावणारा तारा क्ष-किरणांचा तेजस्वी स्रोत बनतो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण शौरी तारकासमूहात आहे. त्या ताऱ्याचे नाव एएम हर्क्युलिस. 1970 च्या डिसेंबरात सोडलेल्या 'उहुरू' उपग्रहाने या भागात क्ष-किरणांचा एक स्रोत नोंदवला होता. 1976 साली सांतियागो तापिया यांना या ताऱ्याच्या दृश्य प्रकाशात तीव्र वर्तुळाकार ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा फिरत राहणे, आढळले आणि तेथे अतिशय प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे स्पष्ट झाले. गाउस या चुंबकीय क्षेत्राच्या एककात पृथ्वीच्या पृष्ठभागावरील क्षेत्र सुमारे अर्धा गाउस असते, तर येथील क्षेत्र एक कोटी गाउसहून अधिक आहे. हा श्वेतबटू आणि त्याचा सोबती असे दोन्ही तारे सुमारे तीन तासांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात.

एवढ्या प्रबळ क्षेत्रापुढे श्वेतबटूभोवती फिरणारी वायूची तबकडी तयारच होऊ शकत नाही. वायू चुंबकीय रेषांना धरून थेट ध्रुवाजवळच्या एका लहानशा भागावर, सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने कोसळतो. पृष्ठभागाच्या किंचित वर त्याला आघात-तरंग, म्हणजे वेगवान वायू एकदम मंदावून दाबला व तापवला जातो असा थर, अडवतो, तेथे तापमान दहा कोटी अंशांच्याही पलीकडे जाते आणि हा तप्त वायू खाली बसता बसता आपली ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो.

माझ्या मते या निरीक्षणांतील सर्वांत सुंदर गोष्ट यापुढे आहे. श्वेतबटूचे वस्तुमान जितके जास्त, तितकी त्याची त्रिज्या कमी असते. त्यामुळे जड श्वेतबटूवर पडणाऱ्या वायूचा वेग अधिक असतो आणि आघाताचे तापमानही चढते. म्हणजे क्ष-किरणांच्या वर्णपटावरून, अर्थात कोणत्या ऊर्जेचे किरण किती आहेत यावरून, तापमान काढले, की श्वेतबटूचे वस्तुमानही काढता येते. अर्थात हे गणित वाटते तितके सरळ नाही. प्रबळ क्षेत्रात इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत दृश्य आणि अवरक्त प्रकाशातही ऊर्जा गमावतात; खाली जाणारे क्ष-किरण पृष्ठभागावरून परावर्तित होऊन वर्णपटात मिसळतात; आणि कोसळणारा वायूच वाटेतले सौम्य, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण गिळतो. या साऱ्याचा हिशेब न ठेवता काढलेले वस्तुमान चुकीचे ठरते.

म्हणूनच सौम्य आणि कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण एकाच वेळी पाहणे आवश्यक असते. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहामध्ये ही सोय आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेली त्याची सौम्य क्ष-किरण दुर्बीण 0.3 ते 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांच्या ऊर्जेचे एकक) हा पट्टा पाहते, आणि त्याच संस्थेने बनवलेले दुसरे उपकरण सुमारे 80 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची नोंद घेते. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्यामुळे हे काम जमिनीवरून होणे शक्यच नव्हते.

अशा मोजमापांतून एक विलक्षण प्रश्न पुढे आला आहे. एकाकी श्वेतबटूंचे सरासरी वस्तुमान सूर्याच्या 0.6 पट असते, तर सोबत्याचा वायू ओढणाऱ्या श्वेतबटूंचे सुमारे 0.8 पट भरते. पडणारा वायू साठून ते जड होत गेले असावेत, असे म्हणावे, तर हाच वायू पुरेसा साचल्यावर नोव्हाच्या, म्हणजे पृष्ठभागावरच्या वायूच्या, स्फोटात उधळला जातो. मग हे जास्तीचे वस्तुमान मुळातच होते, की हलके श्वेतबटू असलेल्या जोड्या लवकर नष्ट होतात, याचा शोध अजून चालू आहे.