लस कुत्र्याला, जीव माणसाचा

मंडळी, रेबीज म्हटलं की आपण सगळे सरकारी दवाखान्याकडे बघतो, तिथं इंजेक्शन शिल्लक आहे का एवढंच विचारतो. पण दवाखाना या आजाराच्या पार शेवटच्या टोकाला आहे. एकदा लक्षणं दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही, आणि माणसाच्या रेबीजच्या 99 टक्के केसेस कुत्र्यामुळे होतात, म्हणजे लस आधी कुत्र्याला टोचायला हवी ना? मग तो कुत्रा कुठल्या खात्याचा? पशुसंवर्धनचा, पंचायतीचा, पालिकेचा, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खर्च एका खात्यानं करायचा आणि वाचलेला जीव दुसऱ्याच्या रजिस्टरात दिसायचा, माझ्या मते सगळं अडतं ते इथंच.

आपल्या शेजारी गोव्यात 2013 ते 2019 या काळात मिशन रेबीज ही संस्था आणि सरकारी खाती मिळून कामाला लागली. जाळ्या घेऊन टीम वाडीवाडीत फिरायची, कुत्रा पकडायचा, लस द्यायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि तिथंच सोडायचा, मोबाईल ॲपवर नोंद, मग दुसरी माणसं येऊन खूण असलेले किती नि नसलेले किती ते मोजणार. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर आजार पसरण्याची साखळी तुटते, म्हणून हे मोजणं मला लस देण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आकडा वाढत वाढत वर्षाला 95,000 कुत्र्यांपर्यंत गेला.

पण नुसत्या लशीनं झालं नसतं हो. शाळाशाळांत जाऊन पोरांना शिकवलं, कारण रेबीजनं मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालची मुलं खूप असतात, आणि पोरगं घाबरून घरी सांगतच नाही. चावलं की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना, हे पोरांनी घरी नेलं. वेडावाकडा वागणारा कुत्रा दिसला तर फोन करायला नंबर होता, मेलेल्या कुत्र्याचा मेंदू लॅबमध्ये तपासायचे, रेबीज निघाला तर कुणाकुणाला चावलाय ते शोधायचं आणि आसपासच्या कुत्र्यांना लस.

कुत्र्यांमधल्या महिन्याच्या केसेस 92 टक्क्यांनी घटल्या, आणि 2018, 2019 मध्ये गोव्यात रेबीजनं एकही माणूस दगावला नाही!

आता गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर कुत्रा काही थांबत नाही, त्यामुळे हा विषय आपल्या सिंधुदुर्गाचासुद्धा आहे. इथं सरपंच आहेत, शिक्षक आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मोठ्या योजनेची वाट बघू नका. आपल्या आरोग्य केंद्रात कुत्रं चावल्याची नोंद होते तिथं कुत्रा कुठला आणि जिवंत आहे का असे दोन रकाने वाढवा, आणि तो कागद त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात पोचू दे, एवढं तर पुढच्या महिन्यापासून करता येईल.