आधी ॲनालॉगमध्ये कापा, मग डिजिटलमध्ये वजा करा

राम राम मंडळी! फुल-डुप्लेक्स रेडिओत आपलाच पाठवलेला सिग्नल आपल्याच रिसीव्हरमध्ये घुसतो, तो कापावा लागतो. त्यावर कमेंट चाळीसगावची असो की शिरपूरची, प्रश्न तोच: "आपण काय पाठवतोय हे चिपला माहीतच आहे, मग डिजिटलमध्ये वजा करून टाका ना!"

बेसिक पटकन. फुल-डुप्लेक्स म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं. ट्रान्समीटर २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतली पॉवर; दर १० डीबीला दहापट). २० मेगाहर्ट्झ चॅनेल आणि ६ डीबी नॉइज फिगर (रिसीव्हर स्वतः घालतो तो नॉइज) धरली, तर नॉइज उणे ९५ च्या आसपास. म्हणजे ११५ डीबी कापायचे. सर्क्युलेटर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा भाग) साधारण २० डीबी कापतो. एलएनए, म्हणजे रिसीव्हरचा पहिला ॲम्प्लिफायर, त्याच्या तोंडाशी ० डीबीएम उरतो.

आता रावेरला केळीने भरलेला ट्रक धर्मकाट्यावर उभा करा. काटा १० किलोच्या टप्प्याने मोजतो. त्यावर एक फणी जास्तीची ठेवली, तिचं वजन किती? ट्रकचं वजन कितीही अचूक वजा करा, फणी सापडणार नाही. काट्याने ती टिपलीच नव्हती! आपला काटा म्हणजे एडीसी, सिग्नलचे आकडे करणारा भाग. १२ बिटांचा एडीसी आदर्श असला तरी ७४ डीबीचीच रेंज देतो. ० डीबीएमला रेंज लावली, की उणे ७४ खालचं सगळं गेलं.

बरं, एडीसी भारी घेतला. पण त्याच्या आधी एलएनए बसलाय. तो उणे १५-२० डीबीएमलाच दबायला लागतो, म्हणजे सिग्नल नीट वाढवू शकत नाही. दबलेला सिग्नल कशातून वजा करणार?

तेही सोडा. चिपला फक्त बिट माहीत असतात. पॉवर ॲम्प्लिफायरने घातलेला नॉइज बिटांमध्ये नसतो. म्हणून नमुना पॉवर ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवरूनच घ्यायचा: कपलरने थोडा सिग्नल काढा, ॲटेन्युएटर (ताकद कमी करतो) आणि फेज शिफ्टर (लाट पुढे-मागे सरकवतो) यांतून न्या, एलएनएच्या आधी उलटा मिसळा.

खरी मेख उशिरात, म्हणजे दोन वाटांनी येणाऱ्या सिग्नलच्या वेळेतल्या फरकात आहे. फेज १ अंश चुकली तर ३५ डीबीवर अडकलात. १ नॅनोसेकंदाचा फरक राहिला, तर मध्यावर सगळं छान, पण चॅनेलच्या कडेला, १० मेगाहर्ट्झवर, ३.६ अंश चूक, म्हणजे २४ डीबीच. शिरपूरच्या भाऊंनी विचारलं, उशीर जुळवायला चिपवरच लांब लाइन का नाही? १ नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटीमीटर लागतात भाऊ, चिप काही मिलिमीटरची! म्हणून कोलंबिया विद्यापीठात हरीश कृष्णस्वामींच्या गटाने २०१५ मध्ये एन-पाथ फिल्टर (स्विच आणि कपॅसिटरचे, चिपवर मावणारे) वापरले. क्यू (फिल्टर किती अरुंद ते) आणि मध्य-फ्रिक्वेन्सी बदलून चॅनेलच्या प्रत्येक तुकड्याचा उतार, म्हणजे फ्रिक्वेन्सीबरोबर गेन-फेज कसे बदलतात ते, जुळवायचा.

आणि एकदा जुळवून ठेवू नका. अँटेनाजवळ हात नेला तरी रिफ्लेक्शन बदलतं, गेन-फेज पुन्हा शोधावे लागतात.