ज्वारीच्या डब्यातून इथिओपियाकडे

श्रोतेहो, नमस्कार.

परमुलखातलं काही करायचं म्हटलं की आपण आधी बाजाराची पिशवी काढतो. चीज, सॉस, कसल्या कसल्या बाटल्या. लातूरला आता हे सगळं मिळतं, पण महाग पडतं आणि उरलेलं फ्रिजात पडून राहतं. माझं सांगणं असं, की आधी आपल्या ज्वारीच्या डब्यात हात घाला.

ज्वारी मूळची आफ्रिकेच्या ईशान्य भागातली. हजारो वर्षांपूर्वी इकडे आली आणि आपलीच झाली. तिकडे इथिओपियात रोजच्या जेवणात इंजेरा असतो. परातीएवढा रुंद, आंबवलेल्या पिठाचा, जाळीदार. तो मुख्यतः टेफ नावाच्या बारीक, खसखशीसारख्या धान्याचा करतात. पण कितीतरी घरी ज्वारीचाही करतात. तेव्हा ज्वारीचा इंजेरा म्हणजे नकली माल नव्हे.

दोन वाट्या पीठ तीन वाट्या पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. अदीस अबाबा सव्वादोन हजार मीटरहून उंचावर आहे, हवा गार. तिथे पीठ आंबायला दोन-तीन दिवस लागतात. आपल्याकडे मे महिन्यात एका रात्रीत फसफसतं. येळवशीच्या आंबिलीसारखा आंबूस वास सुटला की झालं. मग खरी युक्ती. वाटीभर आंबलेलं पीठ काढून पाण्यात खळीसारखं शिजवायचं आणि कोमट झालं की परत त्यातच मिसळायचं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी करताना आपण आधणाचं पाणी घालतो ना, तसंच हे. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, शिजलेलं पीठ तिला धरून ठेवतं. पुन्हा दोन तास ठेवलं की वर फेस येतो.

तवा चांगला तापला की बाहेरून आत गोल गोल ओतायचं. भोकं पडायला लागली की झाकण. ह्या भोकांना ते लोक ‘डोळे’ म्हणतात. इंजेरा उलटायचा नसतो, एकाच बाजूनं वाफेवर होतो. जन्मभर भाकरी उलटलेला माझा हात पहिल्या दिवशी सवयीनं उलथन्याकडे गेला, आणि सगळे डोळे तव्यावर मिटले. दुसऱ्या इंजेऱ्याला मी हात बांधून उभी राहिले. झाकण काढलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी! मात्र निव्वळ ज्वारीचा इंजेरा गार झाला की तुटतो, गरम असतानाच खावा.

सोबत शिरो. नावावरून गोड वाटेल, पण ते हरभऱ्याच्या पिठाचं तिखट कालवण आहे. कांदा बारीक चिरून आधी तेलाशिवाय, नुसत्या भांड्यात मंद आचेवर परतायचा. त्याचं पाणी आटून तो मऊ झाला की मग तेल, लसूण आणि बेरबेरे. बेरबेरे म्हणजे लाल तिखट, मेथ्या, धने, वेलदोडे, लवंग, सुंठ, सगळं भाजून कुटलेलं. त्यातलं बहुतेक सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यातलंच. पाणी घालून उकळी आली की पीठ सोडायचं आणि घोटत राहायचं. एक कळकळीची विनंती, पहिल्या वेळी काळा मसाला किंवा येसर घालू नका. दुसऱ्याची चव एकदा त्याच्या पद्धतीनं जिभेवर येऊ द्या.

इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस-दूध वर्ज्य करतात, शिरो हे त्यांचं उपासाच्या दिवसांतलं जेवण. कांदा-लसूण चालत असेल तर माळकरी घरातही बिनदिक्कत चालावं असं.

आमच्या सासूबाईंनी बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, “अगं माय, हे तं पिठलंच हाय की! पण मेथीचा वास लई चांगला लागलाय.” मी त्यांना सांगितलं, तिकडे सगळे एकाच ताटाभोवती बसतात आणि मायेच्या माणसाला आपल्या हातानं घास भरवतात, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. त्यांनी काही न बोलता इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात शिरो घेतला आणि माझ्या तोंडापुढं धरला. लग्नात नाव घेऊन घास दिला होता, त्यानंतर मला कुणी भरवल्याचं आठवत नाही.

आज रात्री पीठ भिजवलंत तर परवापर्यंत होईल. नमस्कार.