एका काडीची बाग

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'प्रोस्टेटच्या कर्करोगाचं औषध उलटतं का?' तिकडे येतोच. काही काका दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेत, त्याचं कारण मी विचारत नाही. मध्येच उठा, संकोच नको.

आधी द्राक्षाचं बोलू. थॉमसन या जातीच्या द्राक्षाला बी नाही, मग पेरणार काय? डॉगरीजच्या खुंटावर काडीचं कलम भरायचं. म्हणजे पिंपळगाव असो की दिंडोरी, थॉमसनचा वेल मुळात एकच. आमच्या प्रयोगशाळेतही तेच. १९७७ साली अमेरिकेत बफेलोला प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या पन्नाशीच्या एका रुग्णाच्या मानेखालच्या गाठीतून पेशी काढल्या. त्या काचेत वाढल्या, जगभर वाटल्या गेल्या. त्यांचं नाव एलएनकॅप. त्या गृहस्थाचं नाव मला माहीत नाही, पण त्याच्या पेशींवर माझी निम्मी नोकरी झाली.

या पेशी हळव्या. तळाला नीट चिकटत नाहीत, धुताना हात जड पडला की वाहून जातात. माझ्या अशाच गेल्या, म्हणून ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून मागून आणल्या. फ्लास्कवर नाव ठळक. आणि वाढ काय, दणादण! मी खूश. खटकायचं एवढंच, की एलएनकॅप पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचं ते रक्तात मोजतात ते प्रथिन, स्रवते आणि माझ्या फ्लास्कमध्ये पीएसए शून्य. किट बदललं. मग विद्यार्थ्यावर चिडलो. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. आठ महिन्यांनी डीएनए तपासला तर त्या पीसी-३ नावाच्या दुसऱ्याच प्रोस्टेट-कर्करोगाच्या पेशी निघाल्या, ६२ वर्षांच्या भलत्याच माणसाच्या हाडातल्या! सासरे दिंडोरीचे बागायतदार. म्हणाले, "जावईबापू, बदललेली काडी आम्हाला पान फुटलं की कळते. तुम्हाला आठ महिने?" ज्यांनी पेशी दिल्या, त्यांनी चूक अजून मान्य केलेली नाही. असो. असो कसलं! त्यांचे त्या पेशींवरचे निबंध अजून तसेच आहेत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर विषय. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं; १९६६ मध्ये नोबेल मिळालं. संप्रेरक ही किल्ली, पेशीतला ग्राही हे कुलूप. फ्लुटामाइड हे औषध त्या कुलपात बोळा घालतं. पण एलएनकॅपवर ते टाकलं की पेशी वाढायच्याच! १९९० मध्ये उलगडलं: त्या माणसाच्या गाठीत कुलूपच बिघडलं होतं, बोळ्यानंही उघडायचं. एकाची तऱ्हा म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढे काही रुग्णांत, सगळ्यांत नाही, हे औषध थांबवल्यावर पीएसए उतरलेला दिसला. औषध निकामी व्हायच्या आणखीही तऱ्हा आहेत: कधी कुलपं वाढतात, कधी दार किल्लीशिवाय उघडतं. त्याला आणखी एक तास हवा. आणि पीसी-३ तर या कुलपावर अवलंबूनच नाही, मग आठ महिने माझं औषध चालणार कशावर?

गोळी चालू असलेल्यांनी माझं ऐकून ती बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. दाराजवळचे काका परत आले का? त्यांचा प्रश्न आधी घेऊ.