टाक्याचा दोरा

सिझेरियनची तयारी चालू आहे. ट्रॉलीवर हिरवा कपडा अंथरलाय, कात्र्या-चिमटे रांगेत लागलेत. हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज चढवून सिस्टर उभ्या आहेत. दोरा मात्र अजून कपाटातच.

तो आधी उघडून ठेवायचा नसतो. मागितला की उघडायचा.

दोऱ्याला दोन पाकिटं असतात. बाहेरच्या पाकिटाला हात लावतात त्या दुसऱ्या सिस्टर, ग्लोव्हज न घातलेल्या. आधी नंबर, म्हणजे दोऱ्याची जाडी, वाचायचा, मग मुदत. कुठं ओल, भोक किंवा सुटलेली कड दिसली, तर पाकीट बाद. "एक नंबर पॉलीग्लॅक्टिन, देऊ?" पॉलीग्लॅक्टिन म्हणजे शरीरात विरघळणारा कृत्रिम दोरा. होकार आला की केळं सोलावं तशी दोन्ही पाती बाहेर वळवायची. आतलं निर्जंतुक पाकीट कडेला न घासता वर येतं. ट्रॉलीवरच्या सिस्टर ते चिमट्यानं उचलतात. दोघींचे हात एकमेकींना लागत नाहीत.

जमिनीवर पडलं तर गेलंच. पुसून, उकळून परत वापरायचं नाही.

दीडशे वर्षांपूर्वी रक्तवाहिनी बांधलेल्या दोऱ्याची टोकं सर्जन जखमेबाहेर लांब सोडत. पू होणारच, मग दोरा सुटून येईल, असा हिशोब! इंग्रज सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६८ च्या अखेरीस कार्बोलिक हे जंतुनाशक लावलेल्या कॅटगट नावाच्या दोऱ्यानं एका वासराच्या मानेतली धमनी बांधली आणि टोकं आखूड कापली. महिन्याभरानं पाहिलं, तर पू नव्हता. दोऱ्याच्या जागी जिवंत ऊती आली होती. नावात 'कॅट' असली तरी कॅटगटचा मांजराशी संबंध नाही. तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचा.

आजही कॅटगट स्पिरिटसारख्या द्रवात भिजलेला येतो. तो द्रव कपड्यावर सांडला आणि शेजारी कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायला विजेनं डागणाऱ्या उपकरणाची, ठिणगी उडाली, तर पेट घेऊ शकतो. पॉलीग्लॅक्टिनचं उलटं. तो शरीरातल्या पाण्यानंच विरघळतो, म्हणून आधी भिजवत ठेवायचा नाही.

आता सुई. होल्डरमध्ये, म्हणजे सुई धरायच्या चिमट्यात, ती दोऱ्याच्या बाजूनं साधारण एक तृतीयांशावर धरायची. दोरा जोडलेल्या जागी धरली, तर वाकते. आणि ती सर्जनच्या हातात द्यायची नाही. किडनी ट्रेमध्ये ठेवायची आणि "सुई" म्हणून मोठ्यानं सांगायचं.

पोट बंद करण्याआधी मोजणी. फळ्यावर तीन सुया लिहिलेल्या, ट्रेमध्ये दोन.

"मॅडम, थांबा. एक कमी आहे."

सर्जन मॅडम हात वर करतात. तिसरी त्यांच्याच होल्डरमध्ये आहे.