नेमकं कुठं टरकलात?

(कोल्हापुरात भयपटप्रेमींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आत येताना प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली होती. त्यावर दोनच प्रश्न होते. शेवटचा भयपट कोणता बघितला, आणि त्यात नेमकं कुठं टरकलात? दुसऱ्या प्रश्नापाशी बऱ्याच जणांचं पेन अडलं, ते मी मघापासून बघतोय. साहजिक आहे. आपल्याला सवय 'लई भारी', 'नाद खुळा', 'एकटा बघू नको' एवढंच सांगायची. कुणी म्हणालं, भावा, एखादा चांगला हॉरर सांग की, तर आपण चार-पाच नावं फेकून मोकळे होतो. तो बिचारा रात्री त्यातला एक लावतो, अर्ध्या तासात घोरायला लागतो आणि सकाळी आपल्यालाच शिव्या घालतो.

माझं म्हणणं एवढंच, की नुसतं नाव सांगून भयपटाची शिफारस होत नाही. जागा सांगावी लागते. मैफलीतून बाहेर पडणारा जाणकार 'छान गायले' म्हणून थांबत नाही, अंतऱ्यातली ती जागा काय घेतली म्हणून तुमचा हात धरून उभा राहतो. आपणही तसंच बोलावं. आणि एक आधीच सांगून टाकतो. माझा धंदा आवाजाचा. मालिका, लघुपट, जाहिराती, जे येईल त्याला आवाज लावून देतो. त्यामुळं माझ्या जागा बहुतेक कानातल्या असतात. डोळ्यांनी घाबरणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तर चिठ्ठ्या. पहिली हातात आली ती ही: 'तुंबाड. थिएटरात, दुसऱ्यांदा. आजी.' संपली चिठ्ठी. याला म्हणतात उत्तर! ज्यानं बघितलाय त्याच्या पोटात आत्ता गोळा आला असणार, आणि ज्यानं बघितला नाही त्याला वाटलं असणार, आजीला काय घाबरायचं? म्हणजे तो आज रात्री बघणार. हा सिनेमा २०१८च्या ऑक्टोबरात आला आणि फार गाजावाजा न होता गेला. सप्टेंबर २०२४मध्ये तोच पुन्हा थिएटरात लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. मधल्या सहा वर्षांत तो मोठा केला तो तुमच्या-आमच्यासारख्यांच्या बोलण्यानं. आणि लोक काय बोलत होते? त्यातला हस्तर नावाचा राक्षस कसा दिसतो हे नाही. ती साखळदंडातली आजी, ते पिठाचं, ते 'झोप, नाहीतर हस्तर येईल'. मुळात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना हा सिनेमा सुचला, तोही मित्रानं तोंडी सांगितलेल्या नारायण धारपांच्या एका गोष्टीवरून. म्हणजे सांगण्यातूनच जन्माला आला आणि सांगण्यातूनच जगला.

इथं मागून कुणीतरी हात वर केलाय. 'जागा सांगितली तर मजा जाते.' नाही जात. कुठं ते सांगायचं, काय ते नाही सांगायचं. 'आजी' म्हटल्यानं काही फुटलं का? उलट बघणारा पहिल्या चौकटीपासून आजीची वाट बघत बसतो. निम्मी भीती तिथंच तयार झाली.

पुढची चिठ्ठी: 'कुठलाही चालतो, रक्त पाहिजे.' नाव नाही, गाव नाही, पण माणूस आपल्याच पेठेतला असणार. रक्ताच्या बाबतीत कोल्हापूरला कुणी शिकवू नये. १९२० साली बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'मध्ये भीमानं कीचकाचं मुंडकं उडवलं, ते इतकं खरं वाटलं की लोक हादरले आणि सेन्सॉरनं तो भाग काढायला लावला. मूकपट होता, लक्षात घ्या. आवाज नाही, रंग नाही, आणि तरी ही गत. कोल्हापुरातल्या त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतल्या त्या मंडळींना मी आपले आद्य भयपटवाले मानतो. पौराणिक म्हणून कुणी त्यांचं नाव या यादीत घेत नाही, एवढंच.

आता ही चिठ्ठी मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. 'लपाछपी. ऊस.' आणि खाली बारीक अक्षरात: 'आमच्यात ऊस आहे.'

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१७चा मराठी सिनेमा, दिग्दर्शक विशाल फुरिया. पूजा सावंत गरोदर आहे, नवऱ्याच्या मागं कर्जाचा तगादा, म्हणून दोघं लपायला उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात जातात. त्याच दिग्दर्शकानं २०२१ला 'छोरी' नावानं तो हिंदीत केला. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्यातला ऊस म्हणजे हिरवा भूलभुलैया वाटतो. आपल्याला तसं वाटत नाही, कारण आपण त्यात शिरलोय. आडसाली ऊस पावसाळ्यात लागतो तो पुढच्या वर्षीच्या हंगामापर्यंत रानात उभा असतो, डोक्याच्या दुप्पट उंच. शेतीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची. म्हणजे पाणी पाजायला माणूस रात्री एकटा, हातात बॅटरी, पायात गमबूट, त्या सऱ्यांत. पाला हाताला कापतो, कुसळं मानेत जातात, आणि मोटर बंद पडली की जी शांतता होते ती मला तरी कुठल्या सिनेमात मिळालेली नाही.

एका लघुपटासाठी मी उसाचा आवाज टिपायला करवीर तालुक्यातल्या एका रानात गेलो होतो. तिथं एक गोष्ट समजली. वारा सुटला की शेंडे सळसळतात, पण खाली, आपल्या कानाच्या उंचीला, वारा शिरतच नाही. कोंदट, उबट हवा. वरची सळसळ कान असा भरून टाकते की खालचा आवाज कुठून आला ते कळत नाही. डावीकडून? मागून? आणि पायाखाली वाळलेलं पाचट. त्यावरून उंदीर पळाला तरी माणूस चालल्यासारखं वाजतं. मी माईक सरीत ठेवला, मशीन चालू ठेवलं आणि बांधावर येऊन बसलो. घरी येऊन ऐकलं तर पाचटावर काहीतरी चार पावलं चालतंय, थांबतंय. परत चार पावलं, परत थांबतंय. रानाचा मालक म्हणाला, घूस असंल. असेल. तो आवाज मी त्या लघुपटात वापरला आणि बघणाऱ्यांनी विचारलं, हा पावलांचा आवाज तुम्ही कशानं केला हो?

'लपाछपी'त मला टरकवलं ते भुतांच्या पोरांनी नाही. पोरं ठीक आहेत. मला टरकवलं उषा नाईक यांच्या तुळसाबाईनं. ती बाई गरोदर पूजाच्या पोटाकडं बघते, मायेनं बोलते, आणि आपल्याला हळूहळू कळत जातं की गोष्ट पोटातल्या मुलींची आहे. आता हे कोल्हापुरात बसून बघा. २००१च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. साखर, दूध, कुस्ती, सगळ्यात पुढं असलेला जिल्हा. मग त्या उसात काय पुरलंय म्हणून आपल्याला भीती वाटते, ते ज्यानं त्यानं आपल्या घरी जाऊन बघावं. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना माझा सलाम. 'आमच्यात ऊस आहे' या तीन शब्दांत त्यांनी अख्खं परीक्षण लिहिलंय.

चला, जरा हलकं. 'मुंज्या. टरकलो नाही, हसलो.' अशा चिठ्ठ्या बऱ्याच आहेत. 'स्त्री'चे दोन्ही भाग, 'मुंज्या', आपला 'झोंबिवली'. यावर आपल्यात दोन तट आहेत हे मला माहिताय. एक म्हणतो, हसवणारा भयपट म्हणजे पांढरा रस्सा मागितला आणि ताक आणून दिलं. मी त्या तटात नाही. मराठीत भूत आलं तेच मुळी गमतीच्या वाटेनं. १९८२चा 'एक डाव भुताचा' काढा, १९९३चा 'झपाटलेला' काढा. तात्या विंचू हा विनोदी सिनेमातला बाहुला, पण माझ्या वयाच्या किती जणांनी घरातल्या बाहुल्या माळ्यावर टाकायला लावल्या, हात वर करा. बघा! ती रामदास पाध्यांच्या हातांची करामत. बाहुला खरंच तिथं होता, त्याची मान खरंच वळत होती. 'मुंज्या'तही सुरुवातीचा जुन्या काळातला भाग, तो पोरगा, ते झाड, तिथं माझे हात थंड पडले होते. पुढं संगणकावरचा मुंज्या समोर येऊन नाचायला लागला आणि भीती गेली. तेव्हा हसू आलं म्हणून राग नको. कुठून पुढं नुसतंच हसू उरलं, ते सांगा.

रामसे बंधूंच्या चिठ्ठ्या सगळ्या वरच्या वयोगटातल्या आहेत, अक्षरावरून कळतंय. 'पुराना मंदिर', १९८४. 'वीराना', १९८८. त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण 'पुराना मंदिर'मधला सैतान सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल पडद्यावर नुसते उभे राहिले तरी पुरे व्हायचे, आणि ते शिकलेले होते स्थापत्य अभियंता. पुढं १९९३पासून रामसेंनीच 'झी हॉरर शो' घरात आणला. दार किरकिरतं, धूर येतो, पैंजण वाजतात. आज मी कुणाच्या सिनेमाला किरकिरतं दार लावलं तर दिग्दर्शक नको म्हणतो, 'रामसे वाटतंय.' अरे, वाटू दे की!

एक चिठ्ठी वाचून मात्र खरा राग आला. 'भूतकालम. मोबाईलवर, दीडपट स्पीडनं. बोअर झाला.' ज्यानं कुणी लिहिलंय त्यानं चहाला माझ्याशेजारी बसू नये. राहुल सदाशिवन यांचा हा मल्याळम सिनेमा २०२२चा, आई आणि मुलगा, एक घर, आणि बराच वेळ दाखवत काहीच नाहीत. त्या न दाखवण्याचाच तर सिनेमा आहे. आईच्या कामात रेवती आहेत, ज्यांनी १९९२मध्ये राम गोपाल वर्मांच्या 'रात'मध्ये आपली झोप उडवली होती त्याच. दीडपट वेगानं लावला की भीतीला जागाच उरत नाही. भीती दोन आवाजांच्या मधल्या वेळात असते. १९४२च्या 'कॅट पीपल' नावाच्या अमेरिकन सिनेमात एक बाई रात्री रस्त्यानं चालली आहे, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज, मग तो थांबतो. ती घाबरून वेग वाढवते. आता बिबट्या झडप घालणार असं वाटतं, फुस्सकन आवाज होतो आणि समोर येऊन थांबते ती साधी बस. तिथून ही युक्तीच 'बस' नावानं ओळखली जाते. ती बस अर्धा सेकंद आधी आली असती तर आज मी तुम्हाला तिची गोष्ट सांगत नसतो. त्याच सदाशिवन यांचा २०२४चा 'ब्रमयुगम' बघा, मामूट्टींचा, पूर्ण कृष्णधवल. पण टीव्हीवर, दिवे घालवून, आणि साध्या स्पीडनं.

'सर, तुम्ही भूत मानता का?' ही चिठ्ठी दर वेळी येतेच. नाही मानत. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सह्या गोळा करणारे आणि रात्री बाराला भयपट लावून बसणारे, असे दोन्ही उद्योग करणारे लोक या खोलीत आहेत. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही, मलाही नाही. उतारा ओलांडताना पाय जरा लांबून टाकतो, ते मात्र कुणी विचारू नये.

एका काकूंनी लिहिलंय, 'मला यातलं काही आवडत नाही, ह्यांच्याबरोबर आले.' काकू, तुमच्यासाठीच पुढच्या महिन्यातला सिनेमा निवडलाय. 'महल', १९४९. सिनेमाच्या हक्कांची साठ वर्षं कधीच उलटून गेली, त्यामुळं हक्कांची कटकट नाही. रक्त नाही, किंचाळणं नाही. मधुबाला, अशोककुमार, आणि ते 'आएगा आनेवाला' गाणं. त्याच्या सुरुवातीच्या ओळी लांबून जवळ येत जातात ना, त्यासाठी लताबाईंना खोलीच्या एका कोपऱ्यात उभं केलं आणि गात गात माईककडं चालत यायला लावलं. यंत्रानं नाही, पायांनी केलेला परिणाम आहे तो. १९४५मध्ये मास्टर विनायकांची कंपनी कोल्हापूर सोडून मुंबईला गेली, तिच्याबरोबर गेलेली ही मुलगी. चार वर्षांनी तिनं हे गायलं, आणि पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! लोकांना गाणारीचं नावच माहीत नाही. भुताच्या सिनेमाला याहून चांगली जाहिरात कोण करणार?

अटी दोनच. आवाजाचं बटण माझ्या हातात राहणार, मोठा झाला म्हणून कुणी ओरडायचं नाही. आणि मोबाईल दारातल्या टोपलीत. चिठ्ठ्या तेव्हाही मिळतील, पण नुसतं 'भारी' लिहिलेली चिठ्ठी दिसली तर त्या माणसाला भेळेची प्लेट मिळणार नाही. साडेसहाला या, सातला दार लावतो.